नऊ खड्ड्यांची माती

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि विस्तार केंद्राची भिंत एकच. औराद तालुक्यातल्या आमच्या वडगुंडीत शेतकी विद्यापीठाला जागा हवी होती, आमच्या सासऱ्यांनी मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. भिंतीत चुलीच्या वर एक विटेएवढं भोक होतं. धूर तिकडं जातो म्हणून साहेब लोक तक्रार करायचे. मी ते भोक बुजवू दिलं नाही. माझा धूर तिकडं जायचा, त्यांची बोलणी इकडं यायची.

त्या भोकातून ऐकलेलं पहिलं भांडण चौऱ्याण्णव सालचं. मी भाकरी थापत होते.

"माझ्या देवाच्या जागंला खोटी म्हणतोस व्हय रे पिराज्या?" हा आवाज गुरुशांतप्पांचा. सतरा एकराचे धनी, गावात त्यांच्यापुढं कुणी खाट टाकून बसत नसे.

"जागा खरी हाय, अप्पा. पर देवाची जागा कोपीएवढी. उरलेल्या सतरा एकराचं काय?" हा पिराजी, माझा धाकटा दीर.

झालं होतं असं. केंद्रानं लोकांना सांगितलं, रानातली माती आणा, तपासून देतो, काय कमी आहे ते कागदावर कळेल. गुरुशांतप्पांनी माती आणली ती येळवशीच्या जागेची. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची लहानशी झोपडी, म्हणजे कोप, उभी करायची, पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, आंबील शिंपायची. त्यांच्या रानात तीन पिढ्या कोप एकाच ठिकाणी उभी राहिलेली. आंबील, खीर, भज्जी खाऊन खाऊन ती माती लोण्यासारखी झालेली. सरकारच्या घरी न्यायची म्हणजे चांगलीच न्यायला पाहिजे, नाही का? कागद आला, की माती उत्तम, काही घालायची गरज नाही. अप्पांनी काही घातलं नाही आणि सोयाबीन पिवळं पडलं.

"अप्पा, तुमी पोरगी दाखवायला बसवल्यागत माती आणलात. पावडर लावून. ही सोयरीक न्हाई, दवाखाना हाय. दुखतंय तिथलं दाखवायचं असतंय."

"मला शिकवायलास? काल तर मेंढरं राखायलास!"

"म्हणूनच सांगायलो. माझी मेंढरं तुमच्या रानात बसलीत. वरल्या अंगाला चुनखड हाय. तिथल्या गवताला मेंढरू त्वांड लावत नव्हतं. ते तुमच्या कागदात हाय का?"

तेवढ्यात प्राणेश साहेब हसले. हे केंद्राचे पहिले साहेब, कलबुर्गीकडचे, कानडी माणूस, पण मराठी आमच्यासारखी बोलायचा प्रयत्न करायचे. "पिराजी, उद्यापासनं माती तूच काढायची. एका रानात नऊ खड्डे."

"नऊ म्हंजी नऊच पाड," अप्पा म्हणाले. "एक कमी पडला तर तुझं धोतर सोडतो."

त्या दिवशी मी भोकाला तोंड लावून हसले होते. पुढं त्या भोकातून जे ऐकलं त्यानं मात्र माझं डोकं उठलं. ते आजही उठलेलंच आहे.

पिराजी शाळेत गेला नव्हता. आमचं घर मेंढरांचं. सासरे आणि हे दोघं भाऊ कळप घेऊन पार अफझलपूरच्या करजगीपर्यंत जायचे. शेतकरी बोलवायचे, मेंढरं रानात बसवायची, लेंड्या-मुताचं खत व्हायचं, बदल्यात ज्वारी. म्हणून पिराजीला रानंच्या रानं पायानं माहीत. भाषा तीन-चार यायच्या, वाचायला एकही नाही. मग सोयाबीन आलं. ज्यानं त्यानं बांधापर्यंत नांगर घातला, गायरानं गेली, चरायला काठीएवढी जागा राहिली नाही. ब्याण्णव साली कळप विकला. माझे मालक मल्लप्पा हैद्राबादला बांधकामावर गेले. पिराजी केंद्रात रोजंदारीला लागला. घरात चार मेंढ्या मी हट्टानं ठेवल्या, घोंगडीपुरत्या.

प्राणेश साहेबांनी त्याला रीत शिकवली. रानात नागमोडी चालायचं. झाडाखाली नाही, बांधाकडेला नाही, उकिरड्याजवळ नाही. वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खरवडायची. नऊ खड्ड्यांची माती घोंगडीवर एकत्र करायची, तिचे भाकरीसारखे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. परत मिसळायची, परत चार भाग. अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत. टाकलेली माती पिराजी मात्र टाकत नसे. त्याच रानातल्या खड्ड्यांत परत घालून टाचेनं दाबायचा. म्हणायचा, "ज्याची त्याला."

पिशवीत नावाची चिठ्ठी असायची, पण ती पिराजीला वाचता येईना. म्हणून तो पिशवीच्या तोंडाला माझ्या हातची लोकर बांधायचा. मेंढराच्या कानाला जशी घरोघरची खूण असते तशी घरोघरची गाठ. अप्पांची काळी-पांढरी लोकर, तीन गाठी. आणि गाठ कसली, तर कोकराच्या गळ्याला बांधायची. माहीत नसलेल्यानं ओढली की आणखी आवळते. सोडायची युक्ती एक आमच्या घराला ठाऊक, नाहीतर प्राणेश साहेबांना.

खरं सांगते, त्या सात-आठ वर्षांत केंद्र म्हणजे केंद्र होतं. गाव मराठी, सरकार कानडी; कानडीत छापलेले कागद यायचे, आमच्या लोकांना ते वाचता येत नसत. साहेब वाचायचे, पिराजी ऐकायचा आणि गावोगाव जाऊन शब्द न शब्द मराठीत सांगायचा. तूर उभी वाळते ती कशानं, बियाण्याला पेरायच्या आधी काय चोळायचं, मातीत काय घालायचं नाही. संतपूरच्या बाजारात लोक त्याला गाठून विचारायचे. अप्पांच्या वरल्या अंगाला चुनखड आहे असं खऱ्या कागदावर लिहून आलं, त्या दिवशी अप्पांनी त्याला स्वतःच्या खाटेवर बसवलं.

"धोतर वाचलं की रे तुझं," म्हणाले.

मग प्राणेश साहेबांची बदली झाली. त्यांच्यामागून साहेब आले आणि गेले. कुणाची बायको बिदरला, कुणाची मुलं बंगळुराला. साहेबांचं मन कधी वडगुंडीत आलंच नाही. आणि दोन हजार पाचच्या सुमाराला एक आले, त्यांचं नाव मी घेत नाही, तोंड कडू होतं. त्यांच्या तोंडी एकच शब्द, टार्गेट. इतकी माती, इतके कागद, इतक्या तारखेच्या आत.

पिराजी उन्हात राबला. सहा गावं, तीनशेच्या वर रानं, प्रत्येकी नऊ खड्डे. त्या वर्षी सूत कातून कातून माझी बोटं सोलली. पिशव्या केंद्राच्या मागच्या खोलीत रचल्या. साहेब म्हणाले, जीप येईल, घेऊन जाईल. महिन्याभरात कागद आले, रंगीत, शिक्क्याचे. पिराजीनं दारोदार वाटले. लोकांनी ते देवाच्या फळीवर ठेवले, काहींनी कुंकू लावलं.

कागदात लिहिलं होतं, रानात चुना टाका.

भोकातून मी ऐकलं. "सायब, अप्पाच्या रानात आधीच चुनखड हाय. चुनखडीत चुना कसा?"

"तू मेंढरं राखलास की शास्त्र शिकलास?"

पिराजी गप्प बसला. मला त्याचाही राग आहे. पायाला कळलेलं होतं आणि त्यानं कागदाचं ऐकलं. अप्पांनी विचारलं, "पिराजी, टाकू का रे?" तर हा म्हणाला, "माती मीच काढलीय अप्पा, नऊ खड्डे. कागद खराच असंल." अप्पांनी त्याच्या शब्दावर चुना टाकला. सोयाबीन हळदीसारखं पिवळं झालं, हातभर सुद्धा वाढलं नाही.

त्याच हिवाळ्यात केंद्रापुढं शेतकरी मेळा ठरला. मोठे साहेब येणार. केंद्रापुढं खड्डा होता, पावसाचं पाणी साचायचा. तो भरून मांडव घालायचा म्हणून आम्हा पाच-सहा बायांना रोजानं बोलावलं. मागच्या खोलीतून माती टोपल्यात भरायची आणि पुढं नेऊन ओतायची. खोलीत अंधार. एक माणूस आत विळा घेऊन बसलेला, टोपली भरून देत होता. तीन-चार टोपल्या मी वाहिल्या. मनात म्हटलं, काय माती आहे, एक टोपली काळी, एक तांबडी, एक राखेसारखी. एका जागेची माती अशी कशी असेल?

मग टोपलीत एक फडकं आलं. पिशवी होती. बूड विळ्यानं फाडलेलं. तोंडाला काळी-पांढरी लोकर, तीन गाठी, जशाच्या तशा आवळलेल्या.

मी टोपली तिथंच आपटली. चंद्रम्मा, गुरुशांतप्पांची बायको, माझ्या मागं टोपली घेऊन उभी होती. पिकानं दगा दिला त्या वर्षी तीही रोजानं येत होती. "काय झालं गं रेणुका?" म्हणाली. तिला काय सांगू? तुझ्याच रानाची माती तू डोक्यावर घेऊन खड्ड्यात टाकायलीस, हे सांगू? सहा गावांची रानं मी माझ्या डोक्यावरून वाहून त्या खड्ड्यात ओतली होती, आणि वर रोज घेणार होते. साहेबावरचा राग एक आणि स्वतःवरचा एक. दुसरा जास्त जळतो.

मी पिशवी पदराखाली घातली आणि पिराजीच्या हातात दिली. त्यानं गाठ पाहिली, उलटीसुलटी केली. तसाच केंद्रात गेला. मी चुलीपाशी धावले.

"सायब, ही गाठ माझी."

"मग?"

"सुटलीच न्हाई. पिशवी उघडलीच न्हाई कुणी. मग कागद कुठनं आला?"

साहेब दख्खनीत बोलले, चिडले की तसंच बोलायचे. "देख पिराजी, तेरा कायम का कागद मेरे टेबल पे है. दो दिन मेला होने दे. फिर बैठ के बात करेंगे."

"त्या मातीवर मांडव घालू नगा, सायब. लोकांची रानं हायत त्यात."

"मिट्टी मिट्टी होती, पागल."

चौदा वर्षं रोजंदारी करत पिराजी नोकरीत कायम होण्याच्या त्या कागदाची वाट पाहत होता. मला वाटलं, हा आता गप्प बसेल. खरं सांगू, मला वाटत होतं त्यानं गप्प बसावं.

मेळ्याला सगळ्यांना निरोप होता, येताना आपापला मातीचा कागद घेऊन या, मोठ्या साहेबांसमोर हात वर करून दाखवायचा, फोटो निघणार आहे. पिराजीला पाणी वाटायला नेमलेलं. तो घागर खाली ठेवून मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. येईल त्याच्यापुढं हात.

"द्या तो कागद."

"कामून? दाखवायचाय न्हवं?"

"खोटा हाय. द्या. खरा आणून देतो."

"अरं, वाटलास तर तूच!"

"व्हय, मीच वाटलो. म्हणून मीच मागायलो."

कुणी हसलं. कुणी म्हणालं, पिराजीला ऊन लागलं. एक जण म्हणाला, "घे बाबा, तसाबी त्यात कानडी हाय, मला काय कळायलंय?" पण दिले. तीनशेतले निम्म्याहून जास्त त्या दिवशीच दिले. गुरुशांतप्पा आले. त्यांनी कागद दिला नाही, पिराजीच्या छातीवर मारून खाली टाकला.

"नऊ खड्डे पाडून खोटं आणलास?" ते म्हणाले. "माझा चुलता सांगितला असता तरी चुना टाकलो नसतो. तू सांगितलास म्हणून टाकलो. आजपासनं माझ्या बांधाला पाय लावू नगंस."

पिराजी वाकला आणि कागद उचलला.

मोठे साहेब आले, हार घातले, कुणीतरी माइकवर ओरडलं, आता सगळ्यांनी कागद वर करा. वर झाले मोजून बारा-पंधरा हात. फोटोवाला कॅमेरा धरून इकडंतिकडं बघत राहिला. साहेबांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होतं, तेवढंच माझं समाधान. संध्याकाळी पिराजीला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. आणि ज्यानं तीनशे रानं खड्ड्यात पुरली त्याला वर्षाच्या आत बढती मिळाली, तो मोठ्या गावाला गेला. त्याचं कुणी काही वाकडं केलं नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आण ते कागद, चुलीत घालते."

"नगं, वैनी. ज्याचा खरा येईल त्याचा खोटा तुमी जाळा. तवर राहू द्या."

फळीवर गठ्ठा बांधून ठेवला. उरलेले कागद त्यानं दारोदार जाऊन मागून आणले. मग सुरू झालं ते सहा वर्षं चाललं. लोकांच्या शेळ्या राखायच्या, हाताला मिळेल ते काम करायचं, आणि उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की नऊ खड्डे. दोन-तीन पिशव्या झाल्या की लाल बसनं बिदर. तिथं माती तपासायची खिडकी होती, खिडकीवर भार्गवी मॅडम म्हणून एक बाई. बसचा कंडक्टर दर खेपेला म्हणायचा, "काय पिराजी, अर्धा औराद बिदरला हलवायलास का?" भार्गवी मॅडमनी पहिल्या खेपेला कात्री घेतली. पिराजीनं हात आडवा घातला. "कापू नगा मॅडम, वैनीनं कातलीय. असं सोडायचं." त्यांना गाठ सोडायला शिकवून आला. पिशवी आणि लोकर दर वेळी परत आणायचा. सुटलेली लोकर मला दाखवायचा, म्हणजे मला कळावं की पिशवी उघडली.

केंद्रावर नवा बोर्ड लागला, रंग लागला, दाराला बहुतेक दिवस कुलूप. लोक आमच्या दारात यायचे. तुरीचं विचारायला, बियाण्याचं विचारायला. केंद्राचा बोर्ड तिकडं, केंद्र माझ्या ओसरीवर. चहा माझा.

गठ्ठा उतरत गेला. एकेक कागद मी चुलीत घालत गेले, आणि दर कागदाला एक शिवी दिली, ती इथं लिहिण्याजोगी नाही. दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात एकच उरला. गुरुशांतप्पांचा.

पिराजी त्यांच्या बांधाला पाय लावत नव्हता. रस्ता त्यांच्या रानाला लागून, तर हा वळसा घालून ओढ्यातून जायचा. चंद्रम्मानं किती वेळा सांगितलं, अप्पा घरी नसतात तेव्हा येऊन माती काढ. "चोरून काढलेली माती खोटीच असती, अक्का," म्हणायचा. त्याची छाती तोवर दुखायला लागली होती. चढ चढताना बसायचा.

वैशाखात एका सकाळी अप्पा स्वतः आले. ओसरीखाली उभे, हातात काठी.

"रेणुकाबाई, पिराजी हाय का?"

मी आत बोलावलं नाही. सहा वर्षांचा राग मला एका सकाळीत गिळता आला नाही. "कामून?"

"माती काढायची हाय."

"देवाच्या जागंची का?"

म्हातारा म्हणाला, "न्हाई. दुखतंय तिथली."

पिराजी मागं येऊन उभा होता. "येतो, अप्पा," म्हणाला.

खरा कागद आला तेव्हा पिराजी नव्हता. मिरगाच्या आठ दिवस आधी तो गेला, बसल्या जागी. अप्पांनी कागद आणून माझ्यापुढं धरला, आणि फळीवरचा शेवटचा मी त्यांच्यासमोर चुलीत घातला. त्या वेळी मात्र शिवी आली नाही. पण त्याची शेवटची खेप तीच झाली, अप्पांच्या मातीची, आणि ती मला जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात वेगळं काहीच नव्हतं.

आदल्या आठवड्यात त्यानं नऊ खड्डे पाडले. अप्पा काठी टेकत मागं मागं होते, मोजत. घोंगडीवर चार भाग केले, उरलेली माती खड्ड्यात घालून टाचेनं दाबली. सावलीत वाळवून झाल्यावर सकाळी माझ्याकडं हात केला. "वैनी, काळी-पांढरी."

मी लोकर दिली. तीन गाठी मारल्या. भाकरी फडक्यात बांधून घेतली, पिशवी काखेत, नऊची बस. कंडक्टरनं अर्धा औराद विचारलाच असणार. खिडकीवर मॅडमनी पिशवी घेतली, गाठ सोडली, माती ओतून घेतली, पावती दिली. तीनच्या बसनं परत. उतरला तो घरी न येता आधी अप्पांकडं गेला, पावती हातात दिली, म्हणाला आठ-पंधरा दिवसांनी कागद. मग त्यांच्या बांधावर जाऊन पिशवी उलटी केली आणि झटकली, शिवणीत अडकलेली माती रानात पडली.

घरी आला. सुटलेली लोकर माझ्या हातात ठेवली.

"ठेवा, वैनी. पुढच्याला लागंल."

आणि हात धुऊन जेवायला बसला.